भंगारात निघालेलं जुनं वॉशिंग मशीन ठेवावं का? ठेवावं, पण चालतं करून

अंबाजोगाईच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. आत्याच्या वाड्यात जुनं, दोन टबांचं वॉशिंग मशीन पडून आहे, 1990 च्या आसपास घेतलेलं. पुढचा बिल्ला पडलाय, त्यामुळे कंपनी कोणती ते कळत नाही. बटण दाबलं की धुण्याच्या बाजूची मोटर नुसती घूंघूं करते, फिरत नाही. भंगारवाला 700 रुपये द्यायला तयार आहे. विकावं की ठेवावं? दुरुस्त होईल का? आणि अशी जुनी मशिनं जमवायची झाली तर सुरुवात कशी करावी?

विकू नका. संभाजीनगरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जमवलेली मशिनं उभी आहेत. त्या अनुभवावर सांगतो, घूंघूं करणारं मशीन हे मेलेलं मशीन नव्हे. मोटरला वीज पोचतेय, ती जोर लावतेय, पण सुरुवातीचा रेटा मिळत नाही किंवा काहीतरी जाम आहे. बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला हा पहिला रेटा द्यायला मदत करणाऱ्या डबीचा निघतो. उरलेल्या वेळी पुलीजवळचं बेअरिंग नाहीतर गिअरबॉक्स गंजून बसलेला असतो. जळालेल्या मोटरची गोष्ट वेगळी. ती फ्यूज उडवते, वास मारते, नाहीतर अगदीच गप्प बसते.

भंगारवाल्याच्या 700 रुपयांचा हिशेबही समजून घ्या. त्याची नजर दोन मोटरींवर आहे, कारण त्या काळातल्या मोटरींत सहसा तांब्याची तार असते. ती काढली की उरलेला पत्रा लोखंडाच्या भावानं पुढे जातो. आपल्याकडे लोखंडी भंगाराचा मोठा रस्ता जालन्याकडे जातो. तिथल्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई बनवतात. मराठवाड्यात जुनी मशिनं सापडत नाहीत याचं मोठं कारण मला हेच दिसतं. पुण्या-मुंबईत जुनी वस्तू चोरबाजारात किंवा जुन्या बाजारात दोन-तीन वर्षं फिरत राहते, इथे ती आठवड्याभरात वितळते. त्यामुळे तुमच्यासमोर जे उभं आहे ते परत मिळेल असं धरून चालू नका.

आता जमवण्याबद्दल. हा छंद लागलेली माणसं मला परदेशी मशिनांचे फोटो पाठवतात. तांब्याचे टब, वर कपडे पिळायचे दोन रोलर, खाली नक्षीचे पाय. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या ईटन गावी ली मॅक्सवेल नावाच्या गृहस्थांनी हजारावर मशिनं जमवली आणि त्यांचं संग्रहालय केलं. मला त्यातलं मेटॅग कंपनीचं प्रकरण आवडतं. आयोवा राज्यातल्या न्यूटनची ही कंपनी मुळात शेतीची अवजारं करायची. 1907 मध्ये तिनं पहिलं कपडे धुण्याचं यंत्र काढलं, कारण अवजारांचा धंदा हंगामी आणि बाकीचे महिने कारखाना रिकामा. पुढे 1914-15 च्या सुमारास तिनं पेट्रोलच्या छोट्या इंजिनावर चालणारं मशीन आणलं, शेतावर वीज नसलेल्या घरांसाठी. फटफटीला मारतात तशी पायानं किक मारायची, धूर नळीनं खिडकीबाहेर सोडायचा आणि कपडे धुवायचे. भारनियमनाच्या काळात हे आपल्याकडे कुणी आणलं असतं तर हातोहात खपलं असतं.

पण ते मशीन इथे आणून तुम्ही करणार काय? अमेरिकेची वीज साधारण 115 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाही. मोटर सहाच्या जागी पाचच्या वेगानं फिरते आणि पूर्ण 115 व्होल्ट दिले तर जास्त तापते. व्होल्टेज 100 च्या जवळ ठेवावं लागतं. शिवाय 1970 च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या अमेरिकी कपॅसिटरांत पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं. त्यावर तिथे 1979 मध्ये बंदी आली. असा कपॅसिटर फुगलेला किंवा पाझरलेला दिसला तर त्याला उघड्या हातानं शिवायचं नाही. इतकं सगळं सोसून मिळणार काय, तर या मातीशी काही संबंध नसलेली शोभेची वस्तू. माझं मत स्पष्ट आहे. इथल्या माणसानं इथल्या घरांत राबलेली मशिनं जमवावीत, आणि ती पाणी ओतल्यावर फिरतील अशी ठेवावीत.

इथल्या घरांत राबलेलं मशीन म्हणजे दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक. त्याचा मूळपुरुष ब्रिटनमध्ये सापडतो. हूवर कंपनीनं 1948 मध्ये एक लहानसं मशीन काढलं, त्यात टबाच्या बाजूच्या भिंतीवर फिरणारी चकती होती आणि वर हातानं फिरवायचे रोलर. 1953 मध्ये जपानच्या सान्यो कंपनीनं त्याच धर्तीचं चौकोनी मशीन 28,500 येनला विकायला आणलं. पुढच्या काळात चकती भिंतीवरून तळाशी गेली आणि रोलरच्या जागी शेजारी दुसरा टब आला, कपडे फिरवून पाणी काढणारा, म्हणजे पिळणीचा. हीच रचना 1980 च्या दशकात आपल्याकडे आली आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी घराघरात पोचली.

त्यात सगळ्यात गाजलं नाव व्हिडिओकॉनचं, आणि ते आपल्याच मातीतलं. नंदलाल धूत यांनी उभ्या केलेल्या या कंपनीचा नोंदणीकृत पत्ताच मुळी ‘14 किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असा. मैलाचा दगड हा ज्या कंपनीचा पत्ता, तिचं मशीन मराठवाड्याच्या संग्रहात नसेल तर तो संग्रह कसला? कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या आणि त्यासारख्या कारखान्यांत काम केलेली माणसं पैठण-बिडकीन पट्ट्यात भेटतात. कुठला पार्ट कधी बदलला, पत्र्याची जाडी कधी कमी झाली, हे त्यांना तोंडपाठ असतं. जमवायला निघालात तर भंगारवाल्याआधी त्यांना भेटा.

बाकीची नावं थोडक्यात सांगतो. टीव्हीएस-व्हर्लपूल आणि बीपीएल-सान्यो ही जोडनावाची मशिनं त्याच पिढीतली. आयएफबी-बॉशचं समोरून दार उघडणारं फ्रंट लोड 1990 च्या सुमाराचं. नंतर गोदरेज-जीई आलं. जोडनावाचा बिल्ला असलेलं मशीन दिसलं तर सोडू नका. ही लग्नं पुढे मोडली, त्यामुळे तो बिल्ला काही ठरावीक वर्षांचाच असतो.

सेमी-ऑटोमॅटिकच का टिकलं? लोक म्हणतात स्वस्त होतं म्हणून. ते खरं, पण अर्धंच. फुल्ली ऑटोमॅटिकला नळाचं पाणी दाबानं लागतं. आत विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यासाठी टाकी नळाच्या निदान तीनेक मीटर वर हवी. आणि पाणी यायला हवं. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती ‘जलदूत’ गाडी सगळ्या देशानं पाहिली. पाहिलं नाही ते घराघरांतलं मशीन. नळाला जोडलेली मशिनं त्या उन्हाळ्यात कोपऱ्यात ढकलली गेली आणि माळ्यावरची जुनी सेमी-ऑटोमॅटिक खाली उतरली. कारण त्यात बादलीनं पाणी ओतता येतं. टबात 30 ते 40 लिटर पाणी बसतं, म्हणजे दोन-अडीच बादल्या. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी काढायची. शेवटी तेच पाणी नळी सोडून बादलीत घ्यायचं आणि संडासला वापरायचं. आतमध्ये काय चाललंय ते झाकण उघडून बघता येतं, मध्येच थांबवता येतं. टंचाईच्या गावात बाईच्या हातात पाण्याचा हिशेब ठेवणारं मशीन हे एवढंच.

विजेचंही तसंच. सेमी-ऑटोमॅटिकचा टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो, त्याला वीज लागत नाही. लाइट गेली की मोटर थांबते, टायमर मात्र टिकटिक करत शून्याकडे जातच राहतो. लाइट आली की हातानं पुन्हा पिळायचा, झालं. पहिल्या पिढीतल्या फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये विजेवर फिरणारा प्रोग्रॅमर होता, तो लाइट गेल्यावर जागेवर थांबायचा आणि आली की तिथूनच पुढे जायचा. तोही शहाणा. गडबड केली ती मधल्या काळातल्या काही इलेक्ट्रॉनिक बोर्डांनी. लाइट गेली की सगळं विसरायचे, आणि बाई निम्मे धुतलेले कपडे घेऊन पुन्हा पहिल्यापासून. त्या पिढीची मशिनं मी जमवत नाही. बोर्ड गेला की मिळत नाही, आणि बोर्डाशिवाय ते मशीन म्हणजे नुसता डबा.

टायमरबद्दल जरा जास्त बोलतो, कारण या मशिनांत खरी कारागिरी तिथे आहे. पंधरा मिनिटांचा तो गोल डबा उघडलात तर आत पितळी दात्यांची चाकं, एक गुंडाळलेली स्प्रिंग आणि उंचसखल कडांच्या चकत्या दिसतात. एक चकती सावकाश फिरते, ती पंधरा मिनिटं मोजते. दुसरी भरभर फिरते. तिच्या उंचवट्यांवर पातळ पट्ट्या चढतात-उतरतात आणि मोटर आधी एका दिशेनं, मग क्षणभर थांबून उलट्या दिशेनं जाते. ही दिशा बदलायची युक्ती मोठी देखणी आहे. धुण्याच्या मोटरमध्ये दोन अगदी सारख्या वाइंडिंग असतात आणि त्यांच्या मध्ये एक कपॅसिटर. टायमर वीज कधी या टोकाला देतो, कधी त्या टोकाला. ज्या टोकाला थेट मिळाली ती मुख्य आणि दुसरी मदतनीस, की मोटरची दिशा बदलली. ना गिअर बदलायचा, ना इलेक्ट्रॉनिक सर्किट. जुनं मशीन दाखवायला कुणी आलं तर मी आधी टायमर पिळून कानाशी नेतो. एकसारखी टिकटिक ऐकू आली की निम्मा सौदा ठरला. अडखळत असेल तर आत साबणाची वाफ जाऊन चिकट झालंय. ते साफ होतं, पण तेल ओतून नव्हे. तेलानं धूळ धरते आणि संपर्कपट्ट्या काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मऊ ब्रश घ्या आणि वेळ काढा.

ताई, आता तुमच्या मशीनकडे येतो. आधी प्लग काढा. तो भिंतीतून बाहेर दिसला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागचा पत्रा किंवा जाळी स्क्रूवर असते, ती उघडली की खाली दोन मोटरी दिसतील. धुण्याच्या मोटरवर पुली आणि पट्टा असतो, पिळणीची मोटर थेट टबाखाली तीन स्प्रिंगांवर टांगलेली असते. कपॅसिटर म्हणजे चौकोनी किंवा गोल डबी, बहुतेकदा दोन्ही मोटरींसाठी मिळून एक, त्यावर ‘10+5 एमएफडी’ असं काहीसं लिहिलेलं. तुमच्या डबीवर जे लिहिलंय तेच घ्यायचं, मोठा टाकला तर जोर वाढेल हा गैरसमज आहे, त्यानं मोटर तापते. हात लावण्याआधी त्याची टोकं होल्डरमधल्या 100 वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बनं जोडून रिकामी करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना आहे, ती शिकू नका.

कपॅसिटर बदलण्याआधी पट्टा उतरवा आणि हातानं पुली फिरवा. मोकळी फिरली तर मोटर जाम नाही. मग टबाकडची मोठी पुली फिरवा. ती जड असेल तर दोष गिअरबॉक्सचा किंवा तळच्या सीलमधून पाणी उतरून गंजलेल्या शाफ्टचा. मल्टिमीटर असेल तर तो ओहमवर ठेवून मोटरच्या तीन तारा तपासा. सामाईक तारेपासून उरलेल्या दोन्ही तारांचं रीडिंग सारखं यायला हवं, आणि त्या दोन तारांमधलं त्यांच्या बेरजेइतकं. पिळणीच्या मोटरला सारख्या रीडिंगचा नियम लागू नाही, तिच्या दोन वाइंडिंग मुळातच वेगळ्या असतात. नवखा मेकॅनिक इथे हमखास फसतो आणि चांगली मोटर जळालेली म्हणून रिवाइंडिंगला पाठवतो. ‘मोटर गेली’ असं कुणी सांगितलं तर रीडिंग विचारा. आकडा न सांगणाऱ्याकडे मशीन सोडू नका.

सगळं जमलं तरी लगेच वीज देऊ नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनच्या वायरिंगमध्ये ओल असते, उंदरांनी कुरतडलेलं असतं. गावातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर, म्हणजे वीज बॉडीत गळतेय का ते मोजायचं यंत्र असतं. त्या मेगरवर वायरिंग आणि बॉडी यांच्यात 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मशीन लावायचंच नाही. ओलीमुळे आकडा कमी असेल तर दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवल्यावर सुधारतो. आपल्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

अर्थिंगचं तर मी हात जोडून सांगतो. जुन्या वाड्यांत वायरिंग दोन तारांचं असतं, तिसरा पिन नुसता शोभेला. तुमचं मशीन त्या काळातलं, म्हणजे बहुधा पत्र्याच्या बॉडीचं, ओल्या फरशीवर उभं राहणारं. अर्थिंगची वेगळी तार खड्ड्यापर्यंत नेऊन घ्या आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच बसवा. आणि लक्षात ठेवा, उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. मार्च ते जून त्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी सोडायचं, टंचाई असली तरी. धुण्याचं शेवटचं पाणी चालतं.

पिळणीच्या टबाचा ब्रेकही तपासा. झाकणाला एक तार असते, झाकण उघडलं की वीज तुटते आणि ब्रेकचा बूट ड्रमवर दाबला जातो. टब काही सेकंदांत थांबायला हवा. तो मिनिटाला 1,300 ते 1,400 फेऱ्या घेतो, त्यात साडीचा पदर अडकला तर हात ओढला जातो. जुन्या मशिनांत ही तार सैल पडते किंवा कुणीतरी झाकणाचा स्विच थेट जोडून टाकलेला असतो, ‘झाकण तुटलंय, तरी चालू करून द्या’ म्हणून. संग्रहात ठेवा नाहीतर वापरा, ही जोडणी सगळ्यात आधी पूर्ववत करा.

तळाचं रबरी सील, ज्याला आम्ही बेलो म्हणतो, ते इतक्या वर्षांनी चिरलेलंच असेल. ते सोबत बदलून घ्या. बेलो, पट्टा, कपॅसिटर, पाणी सोडायचा व्हॉल्व्ह हे सुटे भाग मापानुसार सगळ्या कंपन्यांना चालतात, मोठ्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. पट्ट्यावरचा नंबर वाचून तोच मागा. टायमर मात्र होता होईल तो मूळचाच ठेवा. बदलावाच लागला तर जुना पिशवीत घालून मशीनच्या आतच बांधून ठेवा.

आता सफाई. बोअरच्या पाण्यानं टबाला पांढरट थर चढलेला असेल. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, 10 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम टाकून रात्रभर ठेवा. बाथरूम धुवायचं ॲसिड चुकूनही नको, त्यानं स्टीलला खड्डे पडतात आणि ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. खालची चौकट गंजलेली असेल तर गंज खरवडून रेडऑक्साइड मारा. चौकट बोटानं दाबल्यावर आत जात असेल तर मात्र वेल्डिंगवाल्याकडून नवी पट्टी लावून घ्यावी लागेल.

बाहेरून रंग द्यावा का? मी देत नाही. त्या काळातला पत्र्यावरचा रंग, कडेला उडालेला, बटणांभोवती हातांनी झिजलेला, तो तसाच राहू द्यावा. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. होतं खरं, पण पट्टे उठतात, आणि बऱ्याचदा काही वर्षांत पुन्हा पिवळं पडतं. गॅरेजवाल्याकडून मेटॅलिक रंग मारून आणलेली मशिनं मी पाहिली आहेत. ती बघितली की वाईट वाटतं, बाकी काही नाही.

कंपनी आणि साल कसं ओळखायचं? बिल्ला पडला तरी मागे, खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची पाटी असते. तिच्यावर कारखान्याचा पत्ता, मॉडेल, वॅट आणि सिरियल नंबर असतो. पाटी काळी पडली असेल तर घासू नका, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आडवा पाडून फोटो काढा, ठसे वर येतात. मोटरवर आणि कपॅसिटरवर बऱ्याचदा महिना-वर्ष छापलेलं असतं. मूळचा कपॅसिटर असेल तर ती तारीख मशीनच्या जन्माच्या मागेपुढे काही महिन्यांतली. तिसरी खूण दुकानदाराच्या स्टिकरची. त्यावरचा फोन नंबर बघा. 2002-03 च्या सुमारास लँडलाइन नंबरांच्या आधी 2 लागला, तो नसेल तर विक्री त्याआधीची. आणि पाटीवर ‘औरंगाबाद’ आहे, ‘संभाजीनगर’ नाही, म्हणून कुणी जुनेपणाचा पुरावा देऊ लागला तर हसून सोडून द्या. नाव 2023 मध्ये बदललं.

पण पाटीपेक्षा मोठी माहिती आत्यांकडे आहे, आणि ती आजच लिहून घ्या. मशीन कुठल्या पैशातून आलं? आमच्या भागात ही मशिनं कुणाकडे कापसाच्या चुकाऱ्यावर आली, कुणाकडे वेतन आयोगाच्या फरकावर, कुणाकडे लेकीच्या लग्नात. कोण नको म्हणालं होतं? घरातली म्हातारी माणसं ‘मशीनमध्ये कॉलर निघत नाही’ म्हणून वेगळे कपडे काढून ठेवायची, ते किती वर्षं चाललं? धुणंवाल्या मावशींचं काम सुटलं की त्यांनीच मशीन चालवायला घेतलं? पाणी कुठून आणायचे? कपड्यांशिवाय आणखी काय धुतलं, वाळवलं? उन्हाळ्यात बटाट्याच्या वेफर्सच्या चकत्या पिळणीच्या टबात फिरवून काढणारी घरं मला माहीत आहेत. ढाब्यांवर याच मशीनमध्ये लस्सी घुसळतात, ते तर सगळ्यांनाच ठाऊक. हे सगळं एका वहीत, मशीनच्या नंबरासमोर. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवल्या, आज तिथे त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. सातवाहन काळातल्या वस्तूंना बोलतं करायला तज्ज्ञ लागतात. तुमच्या वस्तूची मालकीण अजून समोर बसून बोलते आहे.

पुढे जमवायचं असेल तर घाई करू नका. एकदम पाच मशिनं आणून अंगणात ताडपत्रीखाली ठेवणारे दोन पावसाळ्यांत भंगारवाल्याला बोलावतात. जागा किती आहे ते आधी मोजा. भंगारवाल्यांना, घर बदलणाऱ्यांना, दुरुस्तीवाल्यांना सांगून ठेवा. भंगारवाल्याला त्याच्या भावापेक्षा दोन-तीनशे जास्त द्या, तो पुढच्या वेळी फोन करतो. चालत्या, पूर्ण मशीनला मी 2,000 च्या वर जात नाही. ‘अँटिक’ म्हणून दहा-दहा हजार सांगणारे आता निघालेत, त्यांच्याकडे पाठ फिरवा. घेताना टायमर, मूळची झाकणं आणि धुण्याच्या टबातली चकती या तीन गोष्टी शाबूत असल्या पाहिजेत. बाकी सगळं करता येतं. झाकणं विशेष बघा, पिळणीच्या टबातलं आतलं छोटं झाकण आणि कपडे दाबायची जाळी हमखास हरवलेली असते, आणि त्या मापाची नवी मिळत नाही. न चालणारं पण पूर्ण मशीन हे चालणाऱ्या पण अर्धवट मशीनपेक्षा नेहमी चांगलं.

ठेवताना लाकडी फळीवर ठेवा, फरशीवर थेट नको. टायमर शून्यावर असू द्या म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. पट्टा सैल करून ठेवा, झाकणं थोडी उघडी. पाणी सोडायची नळी वर अडकवलेली असेल तर खाली सोडा, नाहीतर तिच्यात उरलेलं पाणी कुजतं. वायरीभोवती डांबरगोळ्या ठेवल्या तर उंदीर कमी येतात, अगदी थांबत नाहीत.

शेवटचा मुद्दा, वापरावं का? वापरा, दर महिन्या-दीड महिन्यानं एकदा. टॉवेल, चादर असं हलकं ओझं, अर्ध्या टबापेक्षा जास्त नाही, निवड ‘नॉर्मल’वर. गोधड्या आणि जीन्स नकोत. चालू असताना शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. पंधरा मिनिटं झाल्यावर मोटरला पाठच्या जाळीतून हात न घालता, बाहेरून पत्र्याला हात लावून बघा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर बंद करून मला पुन्हा लिहा, सोबत त्या तीन तारांची रीडिंग पाठवा.